तिचं डोकं दुखत होतं आणि मी प्रार्थना करत होते

मी मूळची पारोळ्याकडची. बाप मिशनच्या दवाखान्यात दारावर होता, आई तिथेच चादरी धुवायची, आणि आम्ही बठ्ठी, म्हणजे सगळी, भावंडं त्या आवारातल्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, ओट्यावर वाढलो. शाळा सातवीपर्यंत झाली, मग बाप म्हणाला हिचा गळा दणदणीत आहे, हिला देवाच्या कामाला लावू. काय सांगू तुम्हाला ताई, गळा मोठा म्हणून देवाचं काम! डोकं कसं आहे, मन कसं आहे, कोणी विचारलं नही. दोन वर्षं शिकवलं, तेही काय, तर बोलायचं कसं. ऐकायचं कसं याचा एक तास नही.

मग यावलच्या मंडळीत बायबलबाई म्हणून लागले. म्हणजे घरोघर जायचं, वचन वाचायचं, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, आणि महिना संपला की पाळकसाहेबांना अहवाल द्यायचा. नवरा एसटीच्या वर्कशॉपात होता, बिचारा म्हणायचा घरात तरी हळू बोल, देव काय बहिरा शे का. तो गेला तरी मी हळू बोलायला शिकले नही. सुलुबाईनी प्रार्थना सुरू केली की चार गल्ल्यांत कळतं असं लोक म्हणायचे, आणि मला वाटायचं केवढा मान! थू.

आमचे पाळकसाहेब तर माझ्या वर. सगळी पंधरा घरं, आणि देवळात स्पीकर किती, तर सहा. उपासनेला म्हातारी माणसं कानात कापूस घालून येत. साहेब घामाघूम होऊन ओरडायचे, पवित्र आत्मा उतरला म्हणायचे. अहो, एवढ्या आवाजात मांजर उतरत नही, आत्मा काय उतरतो.

आता ऐका, ज्यासाठी तुम्हाला बसवलं ते. यावलच्या पुढे केळीच्या बागांमध्ये एक वस्ती आहे, तिथे जमनाअक्का राहते. माहेर अमळनेरकडचं, म्हणून बोली आमचीच. बागेत घड वाहायला जाते. तिची एकुलती पोर रिबेका, बाळंतपणाला आईकडे आली होती, आठवा महिना. अक्काचा निरोप आला, बाई, पोरीले बरं वाटत नही, ये. मी गेले. पोर भिंतीला टेकून बसली होती, पाय सुजून खांबासारखे. मला म्हणाली, सुलुमावशी, कालपासून डोकं फार दुखतंय. मी म्हटलं विश्वास धर. ती म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मी म्हटलं सैतान भीती घालतो, डोळे मीट, आणि केली सुरू. अर्धा तास केली. मध्ये दोनदा तिनी माझा हात धरला, मावशी, मावशी म्हणाली, आणि मला वाटलं पोरीला आत्म्याचा स्पर्श झाला, म्हणून मी आवाज आणखी चढवला. तिला काही सांगायचं होतं हो. आजपर्यंत मला माहीत नही काय.

निघताना अक्काला सांगून आले, देवानी ऐकलंय, दवाखान्याची घाई करू नको. हे माझे शब्द आहेत, दुसऱ्या कोणाचे नही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीला झटके आले. जीप करून जळगावला नेत होते, रस्त्यातच गेली. बाळही गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोकं दुखतं म्हणाली तेव्हाच आणायचं होतं ना.

मातीच्या वेळेला पाळकसाहेब पाऊण तास बोलले. देवाच्या बागेतलं फूल देवानी खुडलं. मला वाटलं पुढे जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवावा. मग वाटलं, आधी स्वतःच्या ठेव. त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद पडली. तोंड उघडायचे, आवाज निघायचा नही.

महिन्यानी हिंमत करून अक्काकडे गेले. सवयीनी पिशवीतून बायबल काढलं, तर तिनी ते माझ्या हातातून घेऊन फळीवर ठेवलं आणि म्हणाली, आते प्रार्थना करू नको. मनी पोर सांगे ते तू ऐकं नही. आते मनं ऐक. पोरीचं ऐकलं नही, आता तिचं तरी ऐकायचं. मी खाली बसले. ती बोलली. रिबेकाला पहिला दात कधी आला तिथपासून. मध्ये माझी जीभ वळवळायची, एखादं वचन ओठांवर यायचं, मी गिळायचे. किती जड जातं ते, तुम्हाला सांगून कळणार नही. दर गुरुवारी जायचे. कधी ती शिव्या द्यायची, मला नाव घेऊन, मी ऐकायचे. कधी दोघी नुसत्या बसायचो, ती मिरच्यांचे देठ काढायची, मी पण काढायचे.

असं पाचसहा महिने चाललं. मग एका गुरुवारी ती काही बोलेना, मीही नही, बाहेर बागेत पाणी सोडलं होतं त्याचा आवाज येत होता, आणि मला एकदम वाटलं की आमच्या दोघींचं कोणीतरी ऐकतंय. आकाशवाणी नही झाली, अंगावर काटा नही आला. नुसतं तेवढंच. चाळीस वर्षं मी ज्याच्या नावानी ओरडले, तो असा गुपचूप बसलेला असतो हे मला ठाऊकच नव्हतं. मी रडले. अक्कानी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

आणि आमच्या देवळात काय, तर मौन शिबिर! बाहेरून एक मोठे साहेब आले, कोटवाले. मौनाचं महत्त्व यावर माइकवर तीन तास बोलले, पडद्यावर चित्रं दाखवली, डोंगर, मेणबत्ती. शेवटी म्हणाले आता दोन मिनिटं मौन, आणि त्या दोन मिनिटांत बाजा वाजवायला लावला. मी उठून चालती झाले. 

पुढच्या बैठकीत पाळकसाहेबांनी माझा अहवाल उचलून दाखवला. त्यात वर्षभर मी एकच लिहीत होते, जमनाबाईकडे गेले, ऐकलं. ते म्हणाले, बाई, हे काय काम झालं? मी म्हटलं, साहेब, रिबेका काय म्हणत होती ते तुम्हाला ठाऊक आहे का? म्हणाले, ती प्रभूजवळ आहे. मी म्हटलं, तिचं डोकं दुखत होतं. मला कामावरून काढलं. समारंभ केला, शाल दिली, आणि माझ्याबद्दल बोलले, तेही किती वेळ!

आता काय, वय झालं, गुडघे धरतात, पण फिरते. कोणी पाठवत नही, म्हणून बरं आहे. अक्का अजून मला माफ केलं असं म्हणाली नही, आणि मी विचारत नही. गुरुवारी चहा मात्र माझ्यासाठी टाकलेला असतो.

तुम्ही एवढा वेळ मुकाट बसलात, देव तुमचं भलं करो, पाळकसाहेबांचंही करो, मला जमत नही ते त्यानीच करावं. आता उठते. मागच्या गल्लीत एक म्हातारी आहे, तोतरी, एक वाक्य पुरं करायला पाव तास घेते. घरचे मध्येच तोडून स्वतःच पुरं करून टाकतात. तिला आज काहीतरी सांगायचंय म्हणे. बघू, संध्याकाळपर्यंत होईल सांगून.