गाडी कोण चालवत होते, यावर झालेल्या मतदानाबाबत

जबाब देणार: श्रीमती पंचफुला शेषराव रामटेके, वय ५९ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार मरोदा, भिलाई, जिल्हा दुर्ग, छत्तीसगड. दिनांक १४ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर माझा भाचा रूपेश भैय्याजी गजभिये, वय २६, याच्यासह राहते. माझे पती शेषराव स्टील प्लांटमध्ये होते, ते वारले. रूपेश माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हापासून तो माझ्याच घरी वाढला आहे. या ठाण्यात जबाब हिंदीत लिहितात हे मला माहीत आहे. मी मराठीत लिहा म्हटले, कारण वाचून दाखवाल तेव्हा शब्द न् शब्द मला कळला पाहिजे. हवालदार श्यामराव नागपूरकडचे निघाले, म्हणून जमले. माझे बोलणे ते कागदी मराठीत घेत आहेत, ते चालेल. पण लोक जे बोलले ते त्यांच्याच तोंडचे राहू द्या, त्याला इस्त्री करत बसू नका, असे मी त्यांना बजावले आहे.

रूपेश आमच्या मरोद्याच्या फुटबॉल क्लबात पुढे खेळतो. गोल करायचे काम त्याचे. संघाच्या जर्सींवर नंबर मी शिवते, आणि संघाच्या प्रेक्षक मंडळाची अध्यक्षही मीच आहे. आमच्या मंडळात कोणतीही गोष्ट हात वर करून ठरते. ही रीत माझ्या पतींनी युनियनमधून आणली. ढोलवाला कोणता बोलवायचा, बाहीला पट्टा कोणत्या रंगाचा, मध्यंतरात आलूगुंडा की समोसा, सगळ्याला हात वर. अध्यक्षाने स्वतः हात वर करायचा नसतो, फक्त मोजायचे असतात. शेषराव असेपर्यंत ते मोजत, नंतर मी. या रीतीचा मला अभिमान होता, हे लिहा.

शनिवारी उपांत्य सामना होता. तो आम्ही जिंकलो, विजयाचा गोल रूपेशचा. सामना संपताच मैदानामागे पोट्ट्यांनी बाटल्या काढल्या. मी ओरडले, "आंधी घरी जा, मंग काय ढोसाचं थे ढोसा!" कोणी ऐकले नाही. ढोल वाजत असताना मावशीचे कोण ऐकतो?

दिवस मावळायच्या सुमारास रूपेशने आपली गाडी मैदानाच्या फाटकाशी आणली. तेव्हा उजेड होता. स्टेअरिंगवर रूपेश होता. त्याच्या शेजारी, डाव्या बाजूला, अमरदीप आनंदराव सोनटक्के बसला होता. अमरदीप कोहक्याचा, वय २१, आमच्या संघाचा राखीव गोलकीपर, प्लांटमध्ये अप्रेंटिस आहे. तो दारूला शिवत नाही. रूपेश मला म्हणाला, "चाल मावशे, बस, महारानीसारखी सोडतो तुले." त्याच्या तोंडाचा वास माझ्यापर्यंत आला. मी म्हणाले, "तू उतर खाली. आपन सारे आटोनं जाऊ." तो हसला आणि गेला. मी मागून ऑटोने निघाले.

तलावाकडच्या रस्त्याला पुलिया, म्हणजे नाल्यावरचा लहान पूल, आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडीची डावी बाजू पुलियाच्या भिंतीत घुसलेली होती. रूपेश उजव्या दाराने आपल्या पायांनी बाहेर आलेला होता आणि रस्त्यावर मांडी घालून बसला होता. अमरदीपला डाव्या बाजूने मी आणि ऑटोवाल्याने ओढून काढले. त्याचा जबडा तुटला आहे, उजव्या मांडीचे हाड मोडले आहे. दवाखान्यापर्यंत त्याचे डोके माझ्या मांडीवर होते. तो काहीतरी सांगत होता, ते मला समजत नव्हते. मी आपली "हो राजा, हो राजा" म्हणत होते. आता डॉक्टरांनी त्याचे दात तारेने बांधले आहेत. तो बोलू शकत नाही.

पोलीस पुलियावर यायच्या आधी मंडळाच्या पोट्ट्यांनी गाडी ओढून नेली. ठाण्यात रूपेशने सांगितले की मला काही आठवत नाही. त्याच्या रक्तात दारू निघाली, हे दवाखान्याने सांगितले. रविवारी क्लबाने नोटीस लावली की रूपेश गजभिये याला संघातून काढण्यात येत आहे. अंतिम सामना येत्या रविवारी आहे.

सोमवारी संध्याकाळी मंडळाची सभा सामाजिक भवनात भरली. एवढी गर्दी मी ढोल ठरवायलाही पाहिली नव्हती. विषय एकच, रूपेशला काढले ते बरोबर की चूक. मंडळाचा सचिव अभिनव तावातावाने बोलला. तो घरी मराठी बोलतो, सभेत हिंदी. म्हणाला, "एक गलती हुई और सीधा बाहर? मैदान में भी पहले पीला कार्ड दिखाते हैं!" टाळ्या पडल्या. त्यावर बोरसीचे धोंडबा उठले. ते रेल्वेत डायवर होते, आता रिटायर आहेत. म्हणाले, "पिवळं कार्ड मैदानातल्या चुकीले रायते, बावा. रस्त्यावर रेफरी नसते, पुलिया असते. आमच्या हजेरीच्या लॉबीत ड्युटीवर चढाच्या आंधी मशीनमध्ये फुकाव लागे. मशीन बोंबलली का घरी. डायवर किती चांगला हाय, हे कोनी नाई पुसे." मागून कोणी ओरडले, "काकाजी, उसने मालगाड़ी नहीं ठोकी!" दुसरा म्हणाला, दारू सामन्यानंतर प्याला, सामन्यात नाही. तिसरा म्हणाला, क्लबाच्या कमिटीतले कोण पीत नाहीत ते सांगा. खूप वेळ हेच चालले. मी मध्ये पडले नाही. भांडू द्यावे, त्यासाठीच सभा असते.

मग अभिनवने आवाज खाली आणला आणि वेगळीच गोष्ट काढली. तो म्हणाला, रूपेशला काढले कशाबद्दल, तर दारू पिऊन गाडी चालवली म्हणून. पण पोलिसांच्या कागदात चालवणाऱ्याचे नाव अजून कुठे आहे? "अमरदीप का टेस्ट तो निल आया है। वो चला रहा था बोल देंगे तो सिर्फ लापरवाही का केस बनेगा, ज़मानत हो जाएगी। भाई मैदान में, टीम फाइनल में। दोनों बच जाएँगे।" मला वाटले आता कोणीतरी याच्या कानाखाली देईल. कोणी दिली नाही. अभिनव म्हणाला, "तो प्रस्ताव रखता हूँ। अमरदीप गाड़ी चला रहा था, जिनको मंज़ूर है, हाथ ऊपर।"

आणि हात वर गेले, साहेब.

मी सवयीने उभी राहिले. तोंडातून एक, दोन, तीन निघालेही. मग मी मोजणे थांबवले. ज्यांना मी जर्सी शिवून दिल्या त्यांचे हात. ज्यांच्या लग्नात मी हळद लावली त्यांचे हात. धोंडबांकडे पाहिले. काढले ते बरोबर म्हणून आत्ताच भांडत होता तो माणूस, त्याचाही हात वर. मी पाहते आहे हे पाहून त्यांनी मान खाली घातली, हात नाही. अमरदीपला गाडी चालवता येते का, एवढेसुद्धा कोणी विचारले नाही. तो पोरगा सायकलीवर मैदानात येतो. सगळ्या भिलाईने त्याला सायकलीवरच पाहिले आहे. मतदानाच्या वेळीसुद्धा त्याची सायकल मैदानाच्या फाटकाला कुलूप लावून उभीच होती.

मला संताप आला. मी म्हणाले, "अरे, बॉल लाइनच्या बाहेर गेला का नाई, हे तुमी हात वर करून ठरवता काय? थो गेला असन त गेला! जे झालं त्याच्यावर मत कायचं घेता? जे करायचं हाय त्याच्यावर घेत असतात!" अभिनव म्हणाला, "मौसी, बहुमत है। अध्यक्ष को तो बस गिनना है।" मी म्हणाले, "मोजनं झालं. आता अध्यक्षपन कोनाले पायजे, थे सांगा." मी ठरावाच्या कागदावर सही केली नाही आणि चप्पल घालून निघाले. पाठीमागे कुणी टाळी वाजवली नाही, शिवीही दिली नाही.

मंगळवारी सकाळी अमरदीपची आई रुक्मा माझ्या दारात आली. ठराव तिच्यापर्यंत पोहोचला होता. ती आत आली नाही. म्हणाली, "पंचफुलाबाई, माया पोराचं तोंड बांधून हाय म्हनून तुमी त्याच्या तोंडात काईबी घालून राहिले. प्लांटवाले केस असलेल्याले ठेवतात काय? त्याच्या बापाच्या मांगं हेच एक होतं आमाले." मी तिला म्हणाले की मी हात वर केला नाही. ती म्हणाली, "वर नाई केला, पन ठाण्यात त नाई गेल्या ना तुमी." ती गेली. तिचे बरोबर होते. पुलियावर मी होते, फाटकाशी मी होते, आणि तीन दिवस झाले तरी मी घरात बसून शर्टांना काजे करत होते.

दुपारी रूपेश जेवायला बसला. मी वाढले. त्याला सांगितले की उद्या ठाण्यात जाते. तो म्हणाला, "मावशे, तुले कोनी इचारलं त म्हन, अंधार होता, दिसलं नाई."

"अंधार नोहता."

"थोडासा त होता?"

"रूपेश, अंधार नोहता."

त्याने ताट पुढे सारले. म्हणाला, "मले जेलात धाडून राहिली काय तू? माया मायनं असं केलं असतं काय?" हा घाव माझ्या वर्मी लागला. मी म्हणाले, "तुयासाठी मी माया जीव देईन. पन रुक्माचा पोरगा नाई देनार. थो द्याले माया नाई." ताट तसेच राहिले. माझा या पोरावर जीव आहे, हे लिहा. हवालदार म्हणतात हे जबाबात येत नाही. येत नसले तरी लिहा, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की मावशीने दावा साधला.

आज सकाळी मी निघाले तेव्हा रूपेशही उठला आणि माझ्यासोबत चालत आला. कशासाठी, ते तो बोलला नाही, मीही विचारले नाही. रस्त्यात अभिनव आणि आणखी चौघे भेटले. अभिनव या वेळी मराठीत बोलला, "मावशी, रविवारी आपन हारलो त तुमच्यामुळं हारलो, हे ध्यानात ठेवजा." मी म्हणाले, ठेवीन. क्लबाने रूपेशला काढले ते माझ्या मते बरोबर केले. पुढे कायद्याचे जे व्हायचे ते झाल्यावर घ्यायचे की नाही, ते क्लबाने पाहावे. सामना हरलो तर हरलो, पुढच्या वर्षी पुन्हा सामने होतील. रूपेश आत्ता बाहेरच्या बाकावर बसला आहे.

तरी माझे सांगणे एवढेच की, दिनांक १० फेब्रुवारी रोजी संध्याकाळी सदर गाडी रूपेश भैय्याजी गजभिये हा दारू पिऊन चालवत होता. अमरदीप आनंदराव सोनटक्के हा चालवत नव्हता, त्याला चालवता येत नाही. मंडळाचा ठराव खोटा आहे. कोर्टात बोलवाल तेव्हा मी येईन आणि हेच सांगेन, त्यात एक टाकाही इकडचा तिकडे होणार नाही.

वाचन: हवालदार जबाब वाचायला लागले तेव्हा मी त्यांना खोलीचे दार उघडे ठेवा आणि मोठ्याने वाचा, असे सांगितले. "अमरदीप शेजारी बसला होता" या ओळीपाशी वाचन आले असता रूपेश बाकावरून उठून दारात आला. म्हणाला, "थांबा साहेब. मावशीले हे मालूम नाई. थो आपल्या हौसेनं नाई बसला. त्यानं मले चाबी मांगतली होती. मी देल्ली नाई. थो म्हने, मले गाडी येत नाई, पन तुले एकट्याले नाई जाऊ देत. मंग बसला."

हवालदार म्हणाले की जबाब माझा आहे, त्यात दुसऱ्याचे बोलणे घालता येत नाही. मी म्हणाले, मग वाचून दाखवला आणि बरोबर आहे, असे मला म्हणता येणार नाही, कारण तो अपुरा आहे हे मला आता कळले आहे. तेव्हा त्यांनी वरच्या ओळी घातल्या. त्या धरून पूर्ण जबाब मला मराठीत पुन्हा वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे आणि आता खरा आहे, म्हणून सही करते.

पुढचा जबाब रूपेश भैय्याजी गजभिये याचा घेत आहेत. तो होईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसते.

सही: पंचफुला शेषराव रामटेके
समक्ष: श्यामराव, हवालदार