डाव्या नळीतली चप्पल

एक होता टर्नर, एक होती त्याची बायको, एक त्यांची मुलगी आणि एक टर्नरचा धाकटा भाऊ — अहो बसा, ते स्टूल ओढा जवळ, सायकल कुठं पळून जातेय? घ्यायचीय म्हणताय, पैसेही सांगाल ते देतो म्हणताय, मग तिची गोष्ट नको ऐकायला? मुलगी टायर आणायला गेलीय, यायला अर्धा तास तरी लागेल. आणि तिच्या माघारी मी खिळासुद्धा विकत नाही. हं. तर टर्नर म्हणजे आमचे हे. छपाईची यंत्रं बनवायच्या कारखान्यात लेथवर होते. आणि बायको म्हणजे मी. शाळेची पायरी चढले नाही, पण काय कुठल्या वारी झालं ते मला विचारा, तुमच्या मोबाइलला विचारू नका.

ही सायकल डोंगरावरून खाली उतरायची. पुढचा चिमटा बघा — दोन्ही नळ्यांच्या आत शॉकप आहेत. कंपनीनं आत रबराच्या गुंडाळ्या भरून दिलेल्या, त्या चार वर्षांत पिकल्या केळ्यासारख्या झाल्या, बोट लावलं की चिकट. नवीन मिळेनात. मग ह्यांनी काय केलं? कारखान्यात छपाईचे जुने रूळ टाकून दिलेले असायचे, त्यांचं रबर आणलं आणि घरच्या लहान लेथवर कातलं — गोल, मधोमध भोक, एकेका नळीत सात. बटणांची चळत रचावी तशी रचली. मला म्हणाले, "बस गं हँडलवर जोर देऊन." मी दिला. चिमटा खाली गेला आणि असा सावकाश वर आला, जसं एखादं माणूस मान देऊन उठतं. सगळ्या गल्लीत बोलबाला झाला. आणि धाकटे भावजी, तेव्हा ह्यांच्याच हाताखाली पाने पुसायचे, ते सगळं बघत होते बरं का. बघत होते.

मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची. गल्लीत तिला बाण म्हणायचे. दांडीवरचा पोपडा उडाला तर रंग कोण आणणार, म्हणून तिनं माझ्या मावसबहिणीची लाल नखपॉलिश लावली — सात ठिपके, ते बघा, अजून आहेत. शर्यत रविवारी होती. हे आठ दिवस परगावी, यंत्र बसवायला. मंगळवारी भावजी आले, "वहिनी, सायकल नेतो, शर्यतीआधी तेलपाणी करून देतो." मी म्हटलं, "न्या की, तुमचीच पुतणी आहे." वर चहा पाजला! त्याच दिवशी दारातली माझी निळी रबरी चप्पल गेली, डाव्या पायाची. शेजारणीच्या कुत्र्यानं नेली म्हणून मी सबंध गल्ली डोक्यावर घेतली, शेजारीण महिनाभर बोलली नाही. चप्पल लक्षात ठेवा. विसरू नका.

रविवारी उतारावर, दुसऱ्या उडीला, डावी बाजू खचली, उजवी उभी राहिली. चाक फिरलं. मुलगी दगडांत. पाय तीन ठिकाणी — नको, ते नको सांगायला. दवाखान्याच्या बाकड्यावर भावजी सगळ्या लोकांसमोर म्हणाले, "मी दादाला म्हणत होतो, घरी कातलेलं रबर कंपनीसारखं असतं का? ऐकलं नाही." झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि लगेच सायकलही घेऊन गेले — डोळ्यांसमोर नको म्हणे! भंगारात घातली म्हणाले. वर्षाच्या आत भावजींचं दुकान उघडलं, मोठ्या रस्त्यावर, काचेचं. एका बड्या गिऱ्हाइकाचा परदेशी चिमटा असा काही दुरुस्त करून दिला होता की त्यानं खूश होऊन गाळाच दिला. सगळे म्हणाले, काय हात आहे! ह्यांनी लेथवर चादर टाकली. नोकरी चालू होती, पण घरी पुन्हा पाना हातात धरला नाही.

अठ्ठावीस वर्षं. मग यंदा मुलीला मोबाइलवर दिसली ही. एक दातांचा डॉक्टर विकत होता. भंगारात कुठली, भावजींनी विकलीच होती म्हणायची! मुलगी म्हणाली, "आई, ठिपके मोज." मी मोजले. सात. गेलो आम्ही. त्याच्या गाडीखान्यात उभी होती, हँडलवर ओले रेनकोट वाळत घातलेले, टायर फुटलेले, चेनचा लोखंडी साप झालेला, त्यानं कधी चालवलीच नव्हती. त्यानं किंमत सांगितली. मी एका शब्दानं घासाघीस केली नाही. भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडणारी बाई मी! माणूस घासाघीस करत नाही तेव्हा त्याला वस्तू नको असते, वस्तूच्या आतलं काहीतरी हवं असतं. तुम्हीही केली नाहीत. — अहो, पाणी घ्या ना.

मग मुलीनं सगळी खोलली. चेन रॉकेलात बुडवली, बेअरिंगच्या गोळ्या नव्या भरल्या, चाकांच्या तारा एकेक ताणल्या, सांगाडा घासला पण ठिपके सोडून. चिमटा शेवटी. उजव्या नळीचा नट गंजून बसलेला, तीन दिवस तेल पाजलं तेव्हा फिरला. आतून काय निघावं? ह्यांची सात बटणं. काळीभोर, गोल. एक मी जमिनीवर टाकलं तर उडून कपाटाखाली गेलं. डाव्या नळीचा नट मात्र आधी कुणीतरी पान्यानं कुरतडलेला. तो उघडला. आत निळं. चाकूनं कापलेले चौकोन, कडा वाकड्यातिकड्या, वर बारीक नक्षी. आणि एका तुकड्याला भोक — सुतळीएवढं, कडेला जळलेलं. ते भोक मी पाडलं होतं हो! चपलेचा अंगठा तुटला तेव्हा विळखा घालायला, सुई तापवून, माझ्या हातानं!

समजलं? बड्या गिऱ्हाइकाच्या चिमट्यात गेली ह्यांची डावीकडची सात बटणं. उजवा नट भावजींच्यानं उघडला नाही, म्हणून उजवीकडची वाचली. माझ्या मुलीच्या वाट्याला माझीच चप्पल. तो बघा डबा, काउंटरवर, काचेचा, ते निळे तुकडे त्यातच आहेत. येणारा प्रत्येकजण विचारतो, आजी, हे काय? आणि मी सांगते. पहिल्यापासून सांगते.

हे? हे गेले, सहा वर्षं झाली. नाही, त्यांना नाही कळलं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मला विचारलं, "चिमटा उघडून बघितला का गं कुणी?" अठ्ठावीस वर्षांत — नाही, बावीस तेव्हा — बावीस वर्षांत शंभरदा विचारलं असेल. आणि मी म्हणाले, "गप्प पडा. तुमच्या हातांनी माझ्या पोरीचा पाय गेला." ते शेवटचं. त्यानंतर ते बोलले नाहीत, संध्याकाळी —

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलीलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे.

असो! तुम्ही आलात तेव्हा काय केलंत? दुसरे येतात ते रंग बघतात, ब्रेक दाबतात, घंटी वाजवतात. तुम्ही सरळ खाली बसलात आणि डाव्या नळीला हात लावलात. मी कोपऱ्यावरच्या चहावाल्याला एकदाच बोलले होते — रविवारी सायकलवाल्यांच्या सभेत भावजींचा सत्कार आहे ना, चाळीस वर्षांच्या कारागिरीचा, तिथं माझी मुलगी हीच सायकल घेऊन येणार म्हणून. चौथ्या दिवशी तुम्ही हजर. तुमच्या लग्नाला आम्हाला बोलावलं नव्हतं, जावईबापू, पण फोटो पाहिलाय मी. वाचता येत नाही, बघता येतं.

उठा आता. सायकल विकायची नाही. तुमच्या सासऱ्यांना, आमच्या भावजींना म्हणावं, रविवारी सायकलही येईल, डबाही येईल. माईकवर त्यांनी स्वतः सांगितलं, "माझ्या दादाचा हात चुकला नव्हता," तर डबा माझ्या पिशवीत राहील. नाही सांगितलं तर मी सांगेन, आणि मला गोष्ट थोडक्यात सांगता येत नाही. जाताना वरची पाटी वाचा — "टर्नर आणि मुलगी". लेथवरची चादर निघालीय, मुलगी तिच्या बापाची बटणं कातते, जुने चिमटे घेऊन कुठून कुठून माणसं येतात, ती भिंतीला टेकवलेली रांग बघा, पावसाळा संपेपर्यंत आम्हाला मान वर करायला फुरसत नाही. बाणाचा पाय अजून ओढतो, पण पेडलवर ओढत नाही.

या आता. आणि चपला नीट बघून घाला बरं, स्वतःच्याच. आमच्या दारातून चपला जातात.