बदली हृदय

दवाखान्यात लोकांच्या बोलण्याकडे कान देऊ नकोस, नसता घोर लागतो, असं सासूबाई बजावायच्या. मी ते हसण्यावारी नेलं. आज बाळाला घेऊन बसले होते. शेजारी पाय सुजलेली मुलगी, तिची आई आणि शाळेतल्या बाई.

“जीवशास्त्राच्या तासाला पाय मुरगळतोच कसा, बाई?”

“अहो, हिला धडा वाचायचा कंटाळा, उड्या मारायला मात्र आवडतं. म्हणून रक्ताभिसरणाच्या खेळात हिला हृदय केलं.”

“आई, हृदय थांबलं की माणूस मरतो. मी थांबलेच नाही!”

“पूर्वी या तासाला हिचं नुसतं पोट दुखायचं. तेच बरं होतं म्हणायचं!” आई म्हणाली.

“बाई, आता हृदय कोण आहे?”

“तुझी मैत्रीण. निघताना तिला उभं केलं.”

“मग तिला थांब कोण म्हणणार?”

“अगं बाई!”

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. तुम्ही शाळेजवळ राहत असाल, तर जरा वर्गात डोकावून या ना. ती पोरगी अजून उड्या मारत असेल.