ढेमशावर मिळालेलं कॉलेज

नको, नको, चहा नको म्हटलं ना मी... अहो, अर्धा कपही नको, घोटभरही नको, आणि बिनसाखरेचाही नको! साखरेचं नाही हो, देवाचं आहे. तुम्हाला सांगते, गेल्या मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी महालक्ष्मी मांडली, पोथी वाचली, आरती केली, आणि हात जोडून नवस बोलली, की माझ्या मुग्धाला अमेरिकेतलं एक नंबरचं कॉलेज मिळेपर्यंत मी चहाला तोंड लावणार नाही. झालं! बोलली म्हणजे बोलली. आता तुम्ही म्हणाल, सुमतीबाई, लोक नारळ बोलतात, ओटी बोलतात, तुम्ही थेट चहा काहून बोलल्या? अहो, देवीला नारळाची काय कमी? द्यायचं तर आपल्या जिवातलं द्यावं की नाही? आणि माझा जीव कुठे होता, तर सकाळी पाचच्या कपात, हे ऑफिसला गेले की त्यानंतरच्या कपात, आणि दुपारी चारला बशीत ओतून, फुंकर घालून, आल्याचा वास नाकात भरत... जाऊ द्या. कप थोडा पलीकडे सरकवा बरं.

आणि एकच नवस असता तर मी एवढी बोललीच नसती. कॉलेजं होती सहा! ती यादी काढली रजत सरांनी. हे रजत सर म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज भरून देणारे, सीताबर्डीला कपड्यांच्या दुकानाच्या वर बसतात, जिन्यात टांगलेल्या कुर्त्या हाताने बाजूला सारत वर जायचं, आणि वर गेलं की एसी, काचेचं टेबल आणि भिंतीवर अमेरिकेचा नकाशा. वय असेल तिशीचं, पण सगळे सर म्हणतात म्हणून मीही म्हणते. ते म्हणाले, "काकू, टेन्शन नका घेऊ. ही दोन ड्रीम, ही दोन टार्गेट, ही दोन सेफ. हे जे एक नंबरचं आहे ना, ते शंभरातले चारच घेते." मी म्हटलं, "मग उरलेल्या शहाण्णव लेकरांच्या आया काय करतात?" तर ते हसले. मला खरंच विचारायचं होतं हो!

मग म्हणाले, अर्जात मुग्धाची लीडरशिप दाखवावी लागेल. आता आमची मुग्धा! वर्गात हात वर करायला लाजते, पाहुणे आले की मागच्या खोलीत जाते, पण भिंतीवर कोळी दिसला की तासभर त्याच्यासमोर बसेल. लहानपणापासून. कोणाच्या मुली बाहुल्या जमवतात, आमची कोळ्यांच्या नोंदवह्या लिहिते. तिने हळूच विचारलं, "सर, मी कोळ्यांबद्दल लिहू?" सर म्हणाले, "बेटा, कोळी कुठली लीडरशिप करून राहिला? लोकांना मागे चालवणारं काही सांग!" मग काय, आमच्या कॉलनीत तिने एकदा कडुनिंबाचं एक रोप लावलं होतं, त्याची सरांनी हरित चळवळ केली. एकच रोप! पाणीही मीच घालत होती, म्हणजे चळवळ तशी माझी.

तर सहा कॉलेजं, सहा नवस. कारण एकाला बोलायचं आणि दुसऱ्याला नाही, हे देवीसमोर बरं दिसत नाही. एक नंबरला चहा. दोनला संत्री. तीनला वडाभात. चारला आंबा, कारण डिसेंबरात आंबा सोडायला काय जातं, असं मला वाटलं होतं, बघा माझं डोकं! पाचला पाटवडी आणि सहाला तर्री-पोहे. सगळं "मिळेपर्यंत" बरं का. आणि मला वाटलं संपलं, तर त्याच संध्याकाळी मुग्धा आली, "आई, एक कॉलेज मी माझ्या मनाने भरते. सरांना सांगू नको." एल्डनब्रुक का काहीतरी नाव. छोटंसं गाव, त्याहून छोटं कॉलेज. तिथे मार्था नावाच्या एक डॉक्टर बाई तीस वर्षं कोळ्यांवर काम करून राहिल्या. आणि त्या अर्जात तिने काय लिहिलं माहीत आहे? आमचं देवघर! झालं असं होतं, की नवरात्राच्या आधी मी देवघर झाडायला घेतलं, तर हिने झाडू धरला, "आई, थांब, गणपतीच्या मागे बघ, कोळिणीने अंड्यांची पिशवी ठेवली आहे." मग काय करता? दीड महिना गणपतीच्या मुकुटामागे जाळं! घटस्थापना त्याच्याच खाली, लक्ष्मीपूजन त्याच्याच खाली. शेजारच्या कुसुमताई आल्या की म्हणायच्या, "काहून वं सुमती, देवघर झाडत नाहीस तू? देवाले शिंका येतील ना!" मी म्हटलं, येऊ द्या. लेकुरवाळी आहे ती, सणासुदीचं कोणी घराबाहेर काढतं का?

तेच सगळं तिने लिहिलं. हरित चळवळ नाही, काही नाही.

आता या सातव्याला काय बोलावं? आवडीचं सगळं तर वाहून झालेलं! स्वयंपाकघरात नजर फिरवली, टोपलीत ढेमसी दिसली. ढेमशाची भाजी मला जन्मात आवडली नाही. यांना आवडते म्हणून एकवीस वर्षं करते, आणि स्वतःच्या ताटात नावापुरती वाढून घेते. म्हटलं, देवी आई, या छोट्या कॉलेजाला ढेमसं. बोलली म्हणजे बोलली.

मार्च उजाडला. निकाल त्यांच्या संध्याकाळी लागतात, म्हणजे आपल्या पहाटे. मी अंघोळ करून फुलं वेचत असते तेव्हा मुग्धा लॅपटॉप उघडून बसलेली. आणि काय सांगू, पत्रं काय गोड हो त्यांची! मुलगी पाहून गेलेले लोक कसे कळवतात, मुलगी लाखात एक आहे, पण आमच्याकडचा योग नाही, अगदी तस्सं! आमच्याकडे फार गुणी लेकरं आली, तुमचीही गुणी आहे, आम्हालाच फार वाईट वाटून राहिलं... अहो, एवढं वाईट वाटते तर घ्या ना! पहिला नकार आला, संत्री गेली. दुसरा नकार, वडाभात गेला. आठवड्याभरात आंबा, पाटवडी, आणि सर ज्याला सेफ म्हणाले होते ते तर्री-पोहेसुद्धा गेले! मिळेपर्यंत बोलली होती ना मी, आणि मिळणार तर नाही. म्हणजे कायमचं!

आमचे हे, कृष्णकांतराव, पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, "सुमती, बिनमुदतीचं काही लिहून देऊ नये गं! निकाल लागेपर्यंत म्हणायचं होतं. गुरुजींना विचारू, काही उतारा असेल." मी म्हटलं, "देवी काय पाटबंधारे खातं आहे, शुद्धिपत्रक काढायला? बोलली म्हणजे बोलली." कुसुमताई तर दारातच सुरू, "नागपुरात राहून संत्रं खात नाही? तुले गावाबाहेर काढतील वं!" म्हटलं, काढू द्या, खाप्याला माझं माहेर आहे, नदीकाठी जाऊन बसते.

आणि मग एका पहाटे मुग्धा ओरडली. आमची मुग्धा ओरडत नाही हो! मी फुलांची परडी घेऊनच धावली. लॅपटॉपवर रंगीबेरंगी कागदांचा पाऊस पडत होता, वरातीत उडवतात तसा. एल्डनब्रुक! त्या मार्थाबाईंनी वेगळं पत्र लिहिलं होतं, आणि पहिलीच ओळ काय, तर तुमच्या देवघरातल्या पिल्लांचं पुढे काय झालं? तुम्हाला सांगते, मला रडूच आलं. बाकीच्यांनी कोणी विचारलं का की त्या रोपाचं काय झालं? पुढे लिहिलं होतं, पहिल्या वर्षाच्या एकाच मुलीला मी प्रयोगशाळेत घेते, ती जागा तुझ्यासाठी ठेवली आहे, तीस एप्रिलपर्यंत नक्की कळव.

सहा जिवाची वाणं वाहिली, आणि पावलं काय? ढेमसं! देवीने यादी खालून वाचली असावी.

पण थांबा, एक नंबरचं राहिलं होतं ना. त्यांचं आलं, वेटलिस्ट. म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. कुसुमताई म्हणाल्या, "रेल्वेच्या वेटिंगसारखं का वं? मग टीसीले भेटा ना!" आणि एल्डनब्रुक ऐकून तोंड असं केलं, "हे कुठलं गाव? कोणी नाव नाही ऐकलं. लोकांना काय सांगशील?" मी म्हटलं, "ताई, तुमच्या कुहीचं नाव अमेरिकेत कोणी ऐकलं आहे? तरी तुम्ही तिथून इथवर आल्याच ना?" पण रजत सर गप्प बसणारे थोडेच? "काकू, आता सोडायचं नाही! दर आठवड्याला पत्र पाठवा. त्यात लिहा, तुम्हीच आमचं स्वप्न, तुम्ही बोलावलं तर सगळं सोडून येऊ." हेही म्हणाले, "बेटा, एक नंबर ते एक नंबर. तिकडून कळल्याशिवाय त्या मार्थाबाईंना हो म्हणू नको." शिष्यवृत्ती म्हणाल तर सर म्हणत, दोन्हीकडे सारखीच मिळेल, तो प्रश्नच नव्हता. आणि मुग्धा पत्रं लिहू लागली. एक, दोन, तीन. तीस एप्रिल जवळ येऊन राहिला, मार्थाबाई वाट बघून राहिल्या, आणि ही तिकडे स्वप्न, स्वप्न लिहून राहिली!

एका दुपारी चारला मी आपली बसली होती. सवयीने कपात गरम पाणी घेतलं होतं, तेच बशीत ओतून फुंकर घालत होती. हातांना कळत नाही हो नवस. समोर मुग्धा चौथं पत्र लिहीत होती. मी विचारलं, "बेटा, त्या एक नंबरमध्ये कोळी आहेत का?"

"नाही आई. तिथे कोळ्यांचं कोणी शिकवतच नाही."

"मग इतकी मनधरणी काहून करून राहिली?"

मी बशी खाली ठेवली. "मुग्धा?"

तर खाली बघूनच म्हणाली, "तू पाण्याला फुंकर घालतेस, आई. मला नाही बघवत. बाकीचे पाच तर गेले. हे मिळालं तर निदान तुला चहा तरी पिता येईल."

ऐकलं? माझ्या चहासाठी! माझी पोर आपले कोळी सोडून, ती राखून ठेवलेली जागा सोडून, जिथे तिला कोणी विचारणार नाही तिथे जायला निघाली होती, कशासाठी, तर तिच्या आईला चारला घोटभर चहा मिळावा! अहो, नवस कोणी कोणासाठी बोलला होता? मला असा राग आला, असा राग आला... देवीचा नाही, एक नंबरचाही नाही, माझाच. मुलीला कुठे जायचं आहे हे न विचारता मी देवीकडे मागून मोकळी झाली होती. मागताना रजत सरांची यादी वाचून दाखवली होती मी!

मी म्हटलं, "या वेटलिस्टमधून नाव कुठून काढतात ते दाखव." ती म्हणे, "आई, नाव काढलं तर तुझा चहा कायमचा जाईल." मी म्हटलं, "माझा चहा आहे, मी बघते. तू कोळी बघ." तिने दाखवलं. मी पदराला हात पुसले आणि बटण दाबलं. ते विचारते, नक्की ना? दाबलं. पुन्हा विचारते, एकदा काढलं तर परत घेता येणार नाही, नक्की ना? अहो, लग्नाच्या वेळी मला कोणी एकदाही विचारलं नव्हतं, आणि हे दोनदा! दाबलं. आणि तिथेच बसून मार्थाबाईंना कळवायला लावलं, येते म्हणून, आणि हेही, की पिल्लं झाली, भरपूर झाली, आता पोथीच्या कपाटातही आहेत.

संध्याकाळी सरांचा फोन. "काकू, हे काय केलं! लोक त्या वेटलिस्टसाठी जीव टाकतात!" मी म्हटलं, "टाकू द्या. मी तर चहा कायमचा टाकला." हे ऑफिसातून आले, सगळं ऐकलं. मला वाटलं, आता ओरडतील. तर नुसते मुग्धाकडे बघत राहिले, तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू होतं ना. मग पिशवी घेऊन बाजारात गेले आणि किलोभर ढेमसी घेऊन आले. म्हणाले, "सुमती, हा एक नवस फळाला आला ना? मग पारणं व्हायला पाहिजे. भाजी आज मी करतो." आणि मी जेवली हो! एकवीस वर्षांत पहिल्यांदा मागून वाढून घेतली. चव? चव ढेमशाचीच होती, खोटं कशाला बोलू.

आता ऑगस्टात जाईल ती. गुरुजी अजूनही निरोप पाठवतात, उतारा आहे म्हणून. कुसुमताई अजूनही विचारतात, ते कोणतं गाव वं? मी कॉलर नसलेल्या ब्लाउजची कॉलर ताठ करून सांगते, एल्डनब्रुक! आणि घरात डोळ्यांदेखत आंब्याची पेटी आली, सगळ्यांनी खाल्ले, मी कोयाही धरल्या नाहीत. बोलली म्हणजे बोलली.

एक मात्र आहे. आणा बरं तो कप इकडे. पीत नाही हो, घाबरू नका, नुसता नाकाशी धरते... हां... वासाचं मी देवीजवळ काही बोलली नव्हती. तुमच्याही घरी पोरगी आहे ना बारावीला? मग एवढं ऐका माझं. तुम्हीही नवस बोला, अगदी खुशाल बोला, देवी ऐकते. पण आधी पोरीला विचारा, बाई, तुला कुठे जायचं आहे. आणि मग ढेमसंच बोला.