कांद्यात नसलेले धागे

—नाही, उद्या नाही चालणार, नीलकंठजी, आजच पुसून द्या. उद्या नऊ वाजता आमच्या लॅबची तपासणी आहे, जिल्ह्यातून साहेब येऊन राहिले, आणि शाळेत धड मायक्रोस्कोप हा एकच, बाकीचे दोन कपाटात शोभेला. बसत नाही मी, बसली की उठवत नाही मला. तुम्ही खोला, मी बोलते. अख्ख्या घमापुरात हे काम करणारे तुम्ही एकटे, अन् वरून या हिंदी शहरात मराठी निघाले, बरं झालं, सकाळपासून प्राचार्यांशी हिंदीत खोटं बोलून थकली मी. धूळ आहे म्हटलं त्यांना, फक्त धूळ.

काय निघालं? बुरशी? डोळा लावायच्या काचेत, आतून? अच्छा — जिवंत आहे म्हणता? जिवंत म्हणू नका हो असं एकदम. एकतीस वर्षं झाली मला शिकवून, दर जुलैत तेच — सजीवांची लक्षणं, वाढ, पोषण, प्रजनन, लिहा, खाली रेघ मारा. कुणी म्हटलं नाही की मॅडम, दाखवा. अन् प्रॅक्टिकल म्हणजे काय आमचं? कांद्याचा पातळ पापुद्रा, आयोडीनचा एक थेंब, वर काच, अन् चाळीस पोरं रांगेत — दिसलं? दिसलं मॅडम. चलो, पुढे. मग मागच्या वर्षीच्या पोरांची फाइल मागून आणायची अन् तिच्यावरून चित्र उतरवायचं — विटांसारख्या पेशी, प्रत्येकीत एक केंद्रक, सगळ्यांचं सारखं. परीक्षकाला तेच पाहिजे, मलाही तेच. तपासायला सोपं जाते.

एक रोशनी सोडून. अकरावीत आहे, माझ्याच वर्गात, चेरीतालला राहते. आई राधाबाई घरोघरी पोळ्या करते, यवतमाळकडचे लोक. या पोरीनं दिसलं ते काढलं — पेशी, अन् पेशींवरून धागे, फाटे फुटलेले. मी म्हटलं, हे काय, कांद्याला मुळं फुटली का काचेखाली? पूर्ण वर्ग हसला. तर म्हणते, मॅडम, स्लाइड सरकवली तर कांदा सरकते, धागे नाही सरकत. डोळा लावायची काच फिरवली तर धागे फिरतात. म्हणजे धागे कांद्यात नाहीत. लिहूनही ठेवलं होतं खाली, तारखेसकट. ते पान फाडलं मी, सगळ्यांसमोर. काहून म्हणजे? पुस्तकात नाही म्हणून. मी काय स्वतः डोळा लावून पाहायला गेली होती?

...गेली होती. तुमच्याशी काय लपवायचं, तुम्ही काही शाळेतले नाही. तिच्याआधी चार दिवस मीच पाहिलं होतं, मलाही धागेच दिसले. मला वाटलं माझ्या डोळ्यात आलं काहीतरी — छप्पन वर्षांची झाली मी, आमच्या आईलाही असंच झालं होतं, डोळ्यासमोर जाळं जाळं — अन् बायोलॉजीच्या मॅडमलाच दिसत नाही हे कळलं तर लॅब कुणाला देतील? त्या नव्या दीप्तीला देतील, टपूनच बसली आहे. म्हणून गप्प राहिली मी. काच फिरवून पाहायचं सुचलं नाही मला, त्या पोरीला सुचलं, अन् याचाच राग आला. सोळा वर्षांची पोर, नीलकंठजी, अन् मी तिच्यावर जळली.

आज सकाळी राधाबाई आली फॉर्म घेऊन. विषय बदलायचा, बायोलॉजी सोडून कॉमर्स, वर्गशिक्षिकेची सही पाहिजे, उद्या शेवटची तारीख. म्हणते, बाई, पोरीचे डोळे दोनदा तपासून आणले, डॉक्टर म्हणते एकदम चांगले हायेत. मंग तिले सारं चुकीचंच काहून दिसते? — फॉर्म ठेवून जा म्हटलं, अन् तुमच्याकडे निघाली.

हे बघा ते पान. फाडलं, पण फेकवलं नाही, पर्समध्येच राहिलं. जरा त्या काचेशेजारी धरा, अन् तुमचं भिंग द्या इकडे. इथे फाटा, इथे फाटा, हा खाली वळलेला — तोच आहे ना? तोच. तीन फाटे काढलेत तिनं, बारा जुलैला. आता मोजा बरं... चार, पाच — हा बारीक धरला तर सहा. सव्वा महिन्यात तिनाचे सहा. वाढ. लिहा, खाली रेघ मारा.

थांबा. तो कापूस ठेवा खाली. पुसू नका म्हणते ना. हो, मीच म्हटलं होतं पुसा, आता नाही म्हणते. साहेबांचं उद्या पाहून घेऊ, जे दिसेल ते दिसेल त्यांना. आधी हे घेऊन चेरीतालला जाते, राधाबाईसमोर रोशनीला डोळा लावू देते, माझं चुकलं म्हणते. मग फॉर्मचं ती ठरवेल. बायोलॉजी नकोच म्हटलं तिनं तर सही करीन, दुसरं काय करणार? प्राचार्यांचाच फोन आहे तो, वाजू द्या. काच बसवा जशी होती तशी अन् पेटी बंद करा — बघत काय राहिले, करा ना लवकर. अन् हळू हो, आत जिवंत आहे ते.