खांद्यावरचा हात

— दात दिसत्यात तर दिसू दे की, कुंडलिक! श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर माणसानं हसू नये असा काय कायदा हाय का? बस तू. त्या खुर्चीवरचा रोल खाली ठेव अन् बस. दुसरा फोटो टाक म्हणतोस — कुठनं आणू? धनाजीचा फोटो हायच कुणाकडं? जन्म गेला त्याचा राजगडावर पावण्यांना फिरवण्यात. ते आपला मोबाईल ह्याच्या हातात द्यायचे, हा त्यांचे फोटो काढायचा — ह्याचा कोण काढणार? मंगलवहिनीकडं आधार कार्डावरचा एक हाय, त्यात चोरी करताना पकडल्यागत दिसतोय. मग ऱ्हायला हाच. दिवाळीत वेल्ह्याच्या हायस्कुलात आपल्या दहावीच्या बॅचचा मेळावा झाला, तवाचा. हेडसरांचं भाषण काय संपंना, म्या ह्याच्या कानात म्हणलं, "धन्या, सर आपल्याला आज बी वर्गाबाहेर सोडत न्हाईत बग." त्यावर हसलाय लेकाचा.

हां, तो हात. दिसतोय मला बी. खांद्यावर चार बोटं हायत ती माझीच. काढतो की. कामच हाय माझं — भोरात हे दुकान टाकल्यापासनं गेलेल्या माणसांच्या अंगावरनं लोकांचे हात पुसत बसलोय. एकट्याचा फोटो कुणाकडंच नसतो रं. शेजारी बायको असती, मांडीवर नातवंड असतं — समदं काढायचं, मागं निळं आभाळ टाकायचं, झालं. न्हाईतर ह्याहून सोपं सांगू? मान कापायची अन् तयार कोटावर बसवायची. हा बग, हा कोट. निम्मा तालुका ह्याच कोटात गेला. घालू धन्याला? जन्मात कधी कोट घातला न्हाई त्यानं. लग्नात सुदिक माझाच सदरा — बरं, ते जाऊ दे.

मी बरा हाय. मला काय झालंय? जो येतोय तो हेच इचारतोय. फोन आला तवा कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स निघत व्हता — गड उतरताना धनाजी कातळाला टेकून बसला अन् उठलाच न्हाई, असं सांगितलं. बरं, म्हणलं. फ्लेक्स कापला, कोपऱ्यांना रिंगा मारल्या, गिऱ्हाइकाला दिला, मग गाडी काढली. पालीला त्याच्या घरी माणसं जमली व्हती, म्या बी हुबा ऱ्हायलो. सरणावर एक लाकूड ठेवलं. घरी आल्यावर मेहनाजनं ताट वाढलं, जेवलो — भाजी परत मागून घेतली. रडू न्हाई, काय न्हाई. दाढ काढताना भूल देत्यात ना, गाल आपलाच असतो पर चावला तरी कळत न्हाई — तसं झालंय. अब्बा वेल्ह्याच्या कचेरीत शिपाई म्हणून आले, आमी गावात नवीन, वर्गात कुणी बाकावर सरकंना. हा सरकला. "बस हितं," म्हणला. येवढंच. मोठं काय केलं न्हाई त्यानं. तवापासनं आमी बसलेलोच. रोज सकाळी गडावर रेंज आली की फोन करायचा — "काय चाललंय?" — "काय न्हाई." — "बरं, ठेव." ह्यात काय व्हतं सांग? पर आता त्या येळंला मी मोबाईल हातात घेऊन बसतो. मेहनाज म्हणती, चहा गार झाला. झाला तर झाला.

हे बग, पुसला हात. बोट न् बोट पुसलं. आता हिकडं ये, नीट बग. खांदा बग त्याचा. कललाय. हात काढला तरी तो तसाच एका अंगाला कललेला — अन् त्या अंगाला कुणी न्हाईच. पडंल आता, असं वाटतंय. सरळ करता येतो, मिंटाचं काम हाय. पर मग तो धन्या ऱ्हात न्हाई, कुणी बी होतो.

न्हाई. हा घे, आणला हात परत. ऱ्हाऊ दे. लोक काय म्हणतील? म्हणू दे की. पाली फाट्यावर एसटी थांबंल तेवढ्यात कोण बोटं मोजतंय?

खालची नावं कालच टाकलीत, तू ग्रुपवर धाडलीस ती. शोकाकुल — आनंदराव हाय, रत्ना हाय, तू हायस. पुण्याला गेलेले, मेळाव्याला बी न आलेले, समदे हायत. म्या दोनदा वाचली. न्हाई रं, तोंड नको पाडू. इसरलात — व्हय, इसरलाच असाल. छापणारा कुणाच्या ध्यानात येतोय? न्हाई, आता नको घालू. नको म्हणलं ना, कुंडलिक! माझं, मतीनचं नाव नको. हात हाय की वर.

जा, समोर दोन चहा सांग. मला मशीन चालू करायचीय. अन् जाताना दार वढून घे.