मोजून आणलेला जंत

आधी चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर मलाच शिव्या द्याल.

आमच्या लॅबमध्ये दीक्षितपुऱ्याचे एक काका येतात, कारखान्यातून रिटायर झालेले इन्स्पेक्टर. पोटात जंत आहे, हा एकच हट्ट. तीनदा स्टूल टेस्ट केली, जंताचं एकही अंडं सापडलं नाही. घरचे म्हणाले, यांना वहम आहे.

परवा काका काकूंना घेऊनच आले. बरणीत मेलेला जंत, बरणीला चिठ्ठी: लांबी चोवीस सेंटीमीटर, जाडी चार मिलीमीटर. खाली सही.

"आता बोला!"

मी भिंगातून पाहिलं. "जंतच आहे काका, पण तुमचा वाटत नाही."

"काहून?"

"नराची शेपटी वळलेली असते. ही सरळ, म्हणजे मादी. आणि मादी पोटात असती तर अंडी दिसली असती ना!"

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, मग कोणाचा उचलून आणला?"

काकांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "शेपटी वळलेलीच होती."

"मग सरळ कशी झाली?"

"मीच केली. पट्टीवर ताणून, दोन्हीकडे चिमटे लावून. वाकड्याचं माप बरोबर येते काय? भैया, सगळ्या नोकरीत एक वाकडा पार्ट पास केला नाही मी!"

मी गुपचूप रिपोर्टवर 'नर' लिहिलं; अंडी का सापडली नाहीत, तेही कळलं.

काकू म्हणाल्या, "म्हणूनच मी जिलब्या तळून राहिले असले, की यांना स्वयंपाकघरात येऊ देत नाही."